न जळणाऱ्यातल्या इंदुताई

इंदुताई तांबे पहिल्यांदा माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात माझाच कचरा होता.

जपानात, फुनाबोरीत येऊन मला तीन आठवडे झाले होते. माझा नवरा, नितीन, सकाळी सातला कंपनीत जायचा आणि मी चौथ्या मजल्यावरच्या दीड खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे. त्या दिवशी न जळणाऱ्या कचऱ्याची पाळी होती. गाडी आली, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या, माझी तेवढी राहिली. वर एक चिठ्ठी डकवलेली. ती मला वाचता येईना. जिला ती वाचता येत होती ती बाई अर्ध्या तासाने पिशवी घेऊन चार जिने चढून आली. साठीला टेकलेली, ठेंगणी, सुती साडीवर नवऱ्याचा रेनकोट, पायात पळायचे बूट.

"पिशवी तुझीच ना? फाडलेल्या कागदांवर मराठी आहे, आणि या इमारतीत नवं मराठी बिऱ्हाड एकच."

मी हो म्हटलं.

"प्लास्टिकमध्ये कागद घातलास. कागद जळणाऱ्यातला. तो मंगळवारी. आणि या कागदावर 'निषेध' हा शब्द अकरा वेळा आहे. मी मोजला."

मी म्हटलं, दुसऱ्याच्या कचऱ्यातलं वाचणं बरं नव्हे. त्या म्हणाल्या, "वाचू नये असं वाटत होतं तर आणखी बारीक फाडायचं. हे तुकडे मी नेते. जोडून बघते. हे तुझं लिखाण जळणाऱ्यातलं की न जळणाऱ्यातलं, ते एकदा ठरवायला हवं." आणि बसा म्हणायच्या आत जिना उतरायला लागल्यासुद्धा.

त्या कागदावर काय होतं ते सांगते. इथल्या मराठी मंडळाने आम्हाला नियमावली पाठवली होती. पाकिटावर नाव नितीनचं. आत तिसरा नियम: 'प्रत्येक कुटुंबास एक मत राहील व ते कुटुंबप्रमुखाने द्यावे.' पुण्यात मी चार वर्षं बायकांच्या संघटनेत पत्रकं लिहिली, रात्र रात्र चक्रमुद्रित केली, बसस्टॉपवर वाटली. असला नियम मी आयुष्यात गिळलेला नाही. दोन तासांत चार पानी पत्रक तयार केलं. नितीनने वाचलं आणि म्हणाला, "अगं, इथे आपली मोजून एकोणीस घरं. त्यांच्याशीही भांडलीस तर बोलणार कुणाशी? कोपऱ्यावरच्या चहाच्या मशीनशी?" मी त्याच्यासमोर ते फाडलं. पटलं म्हणून नव्हे, रागाने.

चार दिवसांनी इंदुताईंनी मला घरी बोलावलं. माझं पत्रक चिकटपट्टीने जोडून मेजावर मांडलेलं होतं आणि त्यावर जांभळ्या शाईच्या काटा. परिच्छेदच्या परिच्छेद आडवे. समासात ठिकठिकाणी तीन शब्द: 'यात राम नाही.'

माझं डोकं फिरलं. एक तर मी नास्तिक. त्यातून नव्वदच्या त्या दशकात 'राम' हा शब्द ऐकला की आम्हा मंडळींचे कान आधीच तापायचे. भिंतींवर, मोर्च्यांत, भाषणांत तो ज्या आवाजात यायचा त्या आवाजाविरुद्धच तर आम्ही निम्मी पत्रकं काढली होती. मी म्हटलं, "तुमचा राम माझ्या पत्रकात आणू नका."

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "मी आणत नाहीये. नाहीच आहे, असं म्हणतेय."

मला तेव्हा हा विनोद वाटला नाही.

*

इंदुताई साताऱ्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. तांबेकाका धातूंवर संशोधन करायला क्योतोला आले तेव्हा नोकरी सोडून त्यांच्यामागे आल्या. "ह्यांना प्रयोगशाळा मिळाली, मला ग्रंथालय," असं त्या सांगायच्या. जपानी येत नव्हतं, तेव्हा इंग्रजीचं कपाट धरलं, आणि त्या कपाटात त्यांना तो भेटला: राणी व्हिक्टोरियाच्या काळातला एक इंग्रज, कॉलेजात गणित शिकवणारा, सशामागे बिळात उतरणाऱ्या मुलीच्या गोष्टीमुळे जगभर माहीत झालेला. इंदुताई त्याला नावाने कधी हाक मारत नसत. "तो मास्तर, मी मास्तरीण. आमचं जमलं." पाच वर्षं त्यांनी मास्तरांचं लिखाण वह्यांत उतरवून काढलं. सतरा वह्या. काकांची फुनाबोरीजवळच्या कंपनीत बदली झाली तेव्हा वह्यांची पेटी त्या स्वतः मांडीवर घेऊन आल्या, सामानाच्या गाडीत दिली नाही.

मला हे सगळं फार चमत्कारिक वाटलं. मी सरळ विचारलं, "ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं त्यांच्यातल्या एका कॉलरवाल्या प्रोफेसरची परीकथा कशाला उतरवत बसलात?"

"परीकथा त्याच्या नखाएवढी. बाकीचा माणूस कुणी वाचतच नाही," असं म्हणून त्या उभ्या राहिल्या. त्यांना बसून बोलता येत नसे. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर, आणि प्रत्येक फेरीला एक वही माझ्या मांडीवर. "ही भूमिती. या लांबच लांब गमतीच्या कविता. हे तर्कशास्त्र, पण उदाहरणं अशी की मुलं लोळतील. हे पत्र कसं लिहावं यावर. रागाचं पत्र लगेच टपालात टाकू नये म्हणतो, तुझ्या उपयोगाचं. हे टेनिसचे सामने अन्यायाने कसे ठरवतात त्यावर. हे प्राण्यांच्या हालांवर. हे आपल्याच कॉलेजातल्या बांधकामाची टर उडवणारं. आणि हे," शेवटची वही त्यांनी जपून ठेवली, "निवडणुकांवर. सगळी पत्रकंच गं. स्वतःच्या खर्चाने छापायचा आणि वाटायचा. तुझ्यासारखाच पत्रकबाज. फक्त त्याला राग आला की तो आधी गणित करायचा."

"त्याच्या देशात तेव्हा बायकांना मत होतं?"

"नव्हतं."

"मग त्यावर लिहिलं त्याने?"

"मला सापडलेलं नाही. सापडलं नाही म्हणजे लिहिलं नाही असं म्हणता येत नाही. शोधतेय." मग म्हणाल्या, "साम्राज्य जळणाऱ्यातलं होतं. जळालं. ही वही न जळणाऱ्यातली. दोन्ही एका पिशवीत घातलंस तर गाडीवाला चिठ्ठी लावून परत पाठवेल."

मास्तरांकडून त्यांनी दोन सवयी उचलल्या होत्या. एक जांभळी शाई. दुसरी, लिहिलेल्या प्रत्येक पत्राला कोपऱ्यात क्रमांक घालायचा आणि तो नोंदवहीत उतरवायचा. माझ्या पत्रकावरही क्रमांक होता. त्या दिवसापासून मी 'पत्रकबाई' झाले. शैला हे माझं नाव त्यांनी मला वाटतं दोनदाच घेतलं.

*

दर शनिवारी दुपारी वॉर्डाच्या सभागृहातल्या तातामीच्या चटया घातलेल्या खोलीत त्या मुलांना मराठी शिकवायच्या. नऊ मुलं. मुळाक्षरं गिरवणं नाही, श्लोक नाहीत. मास्तरांनी इंग्रजीत काढलेला एक खेळ त्यांनी मराठीत आणला होता: एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जायचं, दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक पायरी खरा शब्द हवी. भातापासून झाडापर्यंत: भात, हात, हाड, झाड. मुलं अक्षरशः गडबडा लोळायची.

मी गेले त्या शनिवारी फळ्यावर 'गाव' आणि 'घर' लिहिलेलं होतं. मधल्या दोन पायऱ्या तीन आठवडे कुणालाच येत नव्हत्या. ऋता नावाची आठ वर्षांची मुलगी होती. तिला काहीही विचारा, उत्तर जपानीत, एकच: "वाकान्नाय." कळत नाही. आई मराठीत रागवायची, ही जपानीत खांदे उडवायची. त्या दिवशी ती आपण होऊन उठली. शाळेच्या सहलीत समुद्रावर कुठल्याशा पक्ष्याने तिच्या हातातली ओनिगिरी, भाताचा मुटका, पळवली होती.

"इंदुताई, तोंबीला मराठीत काय?"

"तोंबी म्हणजे... घार."

ऋता फळ्याकडे बघत राहिली. मग खडू घेऊन वाकडंतिकडं लिहिलं: गाव, गार, घार, घर.

इंदुताईंनी शाबासकी दिली नाही. त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "पुढचा शब्द तू दे." त्यांचा आवाज जरा बसलेला होता. मला पहिल्यांदा कळलं की या बाईचं इथे दुसरं काही नाही. काकांना प्रयोगशाळा होती, मला निदान राग होता. त्यांना ही खोली होती, आठवड्यातून दोन तास.

आणि नेमकी तीच जायच्या बेतात होती.

खोली मंडळाच्या नावावर होती आणि मंडळाला शनिवारचा एकच उपक्रम ठेवता येत होता. फेब्रुवारीच्या वार्षिक सभेपुढे तीन सूचना आल्या: मराठीचा वर्ग, इंग्रजी संभाषणाचा वर्ग, आणि कराओके. एकोणीस घरं, एकोणीस हात. इंदुताईंनी मला वही उघडून दाखवली. कोण कशाला हात वर करणार हे त्यांनी आधीच मांडलं होतं: इंग्रजी आठ, मराठी सहा, कराओके पाच.

"म्हणजे वर्ग बुडाला," मी म्हटलं.

"हात मोजले तर बुडाला. पण कराओकेवाल्या पाच घरांना विचार, गाणं नाही मिळालं तर इंग्रजी की मराठी? मराठी म्हणतील. त्यांची पोरं माझ्याकडेच येतात. म्हणजे मराठी अकरा, इंग्रजी आठ. इंग्रजीवाल्या आठांना विचार, गाणं की मराठी? तेही मराठीच म्हणतील. समोरासमोर लावलं तर मराठीला कुणीच हरवत नाही, आणि तरी हात वर केले की मराठी हरतं. मास्तरांनी हेच लिहून ठेवलंय. लोकांना पसंतीचा क्रम लिहू द्या, मग दोन दोन करून ताडा."

"मग मांडा की सभेत!"

"मी कशी मांडू? वर्ग माझा. मी पद्धत मांडली की ती माझ्या वर्गाची पद्धत होईल." त्या थांबल्या. फेऱ्यासुद्धा थांबल्या. "तू मांड. अर्धं पान. दोन गोष्टी: घराला नाही, माणसाला मत. आणि हात नाही, क्रम. विशेषणं नकोत. निषेध एकदाही नको."

इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी अर्धं पान लिहायला बसले. खरंच बसले. पण तो तिसरा नियम समोर आला की पेन थांबायचं नाही. अर्ध्या पानाची चार झाली. 'कुटुंबप्रमुख नव्हे, कुटुंबपुच्छ' असं एक वाक्य सुचलं आणि मला ते इतकं आवडलं की त्याच्यासाठी मी बाकीचं सगळं ठेवलं. पसंतीच्या क्रमाचा मुद्दा चौथ्या पानावर, तळाशी गेला. इंदुताईंना दाखवलं नाही. त्या काय काटतील ते मला माहीत होतं. कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, प्रती काढल्या आणि एकोणीस टपालपेट्यांत टाकून आले.

सभेच्या दिवशी देशमुखसाहेबांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, ते वाक्य मोठ्याने वाचलं. फार शांतपणे. पुण्यात कुणी संतापलं नाही की आम्हाला चैनच पडायची नाही. इथे कुणी संतापलंच नाही. एक जण म्हणाला, "देशमुख-सान, आम्हा शेपट्यांना बसायला परवानगी आहे ना?" सगळे हसले. ज्यांच्यासाठी मी लिहिलं होतं त्या बायकाही हसल्या. ऋताची आई तर उठून म्हणाली, "माझ्या नवऱ्याला मी घरी काय म्हणायचं ते म्हणीन. तुम्ही कोण?"

मी पसंतीच्या क्रमाचं बोलायला उभी राहिले. पाच मिनिटं बोलले असेन. कुणी ऐकत नव्हतं. समोरच्या बाईने थर्मासमधून चहा ओतला.

मी इंदुताईंकडे बघितलं. त्यांच्या मांडीवर वही होती. ती उघडून त्या दोन वाक्यांत समजावू शकल्या असत्या, आणि त्यांचं सगळे ऐकायचे. त्या वहीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. हात वर झाले. इंग्रजी आठ, मराठी सहा, कराओके पाच. एकही आकडा चुकला नव्हता.

स्टेशनकडे जाताना मी त्यांना गाठलं. रडत होते, पण भांडतही होते. "तुम्ही बोलला असता तर जिंकला असता!"

"म्हणूनच नाही बोलले."

"हा कसला मूर्खपणा? न्याय आपल्या बाजूने होता!"

"न्याय माझ्या बाजूने होता म्हणून तो दुसऱ्याने मांडायला हवा होता." मग, फाटकाशी तिकीट काढताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुटुंबपुच्छ. शब्द बाकी चांगला आहे. जळणाऱ्यातला, पण चांगला."

त्या मला याहून जास्त कधीही रागावल्या नाहीत. त्याने मला जास्त लागलं.

*

मार्च अखेर काका निवृत्त झाले आणि ती दोघं साताऱ्याला परत निघाली. आवराआवरीला मी रोज जायचे. इंदुताई घरभर फिरत बोट दाखवत होत्या. "जळणाऱ्यात. न जळणाऱ्यात. हे शेजारच्या आजींना. हे जळणाऱ्यात." सतरा वह्या पेटीत गेल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी कपाटातून माझं ते पहिलं पत्रक काढलं, चिकटपट्टीने जोडलेलं.

"चार पानांत एक वाक्य काटलेलं नाही. बघितलंस कधी?"

नव्हतं बघितलं. मी फक्त काटा बघितल्या होत्या. तिसऱ्या पानावर जांभळ्या शाईतून एकच ओळ शिल्लक होती: 'आमच्या घरात दोन माणसं राहतात.'

"हे न जळणाऱ्यातलं," त्या म्हणाल्या. "आणि कागदाच्या मागे एक कोडं घातलंय. 'राग' पासून 'काम' पर्यंत. मध्ये एकच शब्द. सुटलं की कळव."

विमानतळाच्या बसपाशी त्यांनी माझ्या गालाला हात लावला, नियमाप्रमाणे बसायच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि रांगेतही पुढे-मागे करत राहिल्या.

कोडं मला सुटलं नाही. एक शब्द! मी 'राग' चा 'रात' केला, 'रास' केला, 'रान' केला. 'काम' चा 'कान', 'काठ', 'काळ'. मध्ये भेट होईना. नितीनला सांगायची लाज वाटली. आठ वर्षांच्या पोरीला सुटतं आणि मला नाही.

पुढच्या फेब्रुवारीच्या आधी मी एकोणीस टपालपेट्यांत एक चिठ्ठी टाकली. वर ती ओळ: आमच्या घरात दोन माणसं राहतात. खाली दोन सूचना, माणसाला मत आणि पसंतीचा क्रम. बस. सभेत ऋताची आई उठली. ती म्हणाली, "आमच्याही घरात दोन राहतात. मला हे पटतं." दोन्ही सूचना मंजूर झाल्या. मग नव्या पद्धतीने, चिठ्ठ्यांवर क्रम लिहून, जोड्या लावून, शनिवारचा उपक्रम निवडला.

कराओके निवडून आलं.

मराठी शिकवणार कोण, असं लोकांना वाटलं. मी शिकवीन असं मी जाहीर केलं होतं. त्याने कुणाला फारसा धीर आलेला दिसला नाही. मी त्या दिवशी इंदुताईंना चार पानी पत्र लिहिलं. निषेध किती वेळा ते मोजलं नाही. पंधरा दिवसांनी जांभळं उत्तर आलं. 'पद्धत बरोबर. निकाल मान्य. खोली गेली, मुलं गेलेली नाहीत. कोडं सुटलं का?'

तेव्हा मी आमच्या दीड खोलीत, जेवणाच्या मेजाभोवती वर्ग सुरू केला. चार मुलं आली. ऋता त्यांत होती. एक दिवस मी काहीतरी शिकवत होते, फार वेळ, फार मोठ्या आवाजात, आणि ऋता कंटाळून म्हणाली, "शैलामावशी, यात राम नाही." इंदुताईंचंच वाक्य, शनिवारच्या वर्गात ऐकलेलं, इंदुताईंच्याच चालीत. तिला राम कोण हे धड ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी त्या शब्दाला तो एकच अर्थ होता.

मी खडू खाली ठेवला. राग, राम, काम.

मधला शब्द मला सापडणारच नव्हता, कारण तो मी माझ्या भाषेतून केव्हाच हद्दपार केला होता. ज्यांच्यावर माझा राग होता त्यांच्याकडेच तो सबंध शब्द सोडून दिला होता, त्याच्या घरगुती अर्थासकट. इंदुताई समासात लिहून मला तो परत देत होत्या आणि मी त्यांच्याशी भांडत होते.

त्यांना मी तीन शब्दांचं पत्र पाठवलं. बाकी काही लिहिलं नाही.

उत्तर निळ्या शाईत आलं. अक्षर काकांचं. 'ती गेल्या सोमवारी गेली. दोन महिने आजारी होती, कुणाला कळवू दिलं नाही. तुझं पत्र पोचलं तेव्हा शुद्धीवर होती. वाचून दाखवलं. "एवढंसंच? मग सुधारली," असं म्हणाली. उत्तर लिहायला कागद मागितला होता, पण पुढे लिहिणं झालं नाही. म्हणून त्याच कागदावर मी लिहितो आहे.'

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक होता. तो जांभळा होता.